किल्लारीच्या भूमीस विचारलेले प्रश्न

उदगिराहून देगलूरकडे जाणाऱ्या वाटसरूला वाटेंत भूमीचा एक मोठा पालट दिसतो. पण तो इतका हळूहळू होतो कीं, सहसा कोणाचें तिकडे लक्ष जात नाहीं. काळी कसदार जमीन मागें पडते, सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर नाहींसे होतात, आणि तांबूस रेताड मातींतून गोलसर धोंड्यांच्या राशी डोकें वर काढूं लागतात. शेतकऱ्याला हा पालट पेरणींत आणि विहीर खणतांना कळतो. भूगर्भशास्त्रज्ञाला मात्र तेथें पृथ्वीच्या इतिहासाचीं दोन प्रकरणें एकमेकांस चिकटलेलीं दिसतात. काळा डोंगर म्हणजे सुमारें सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून वाहून थिजलेला लाव्हारस. शास्त्रांत त्याला बेसॉल्ट म्हणतात, आपल्याकडील पाथरवट काळवत्री म्हणतात. तांबूस धोंडा म्हणजे ग्रॅनाइट. त्याचें वय अब्जांनीं मोजावें लागतें. देगलूर-बिलोलीकडे उघड्यावर पडलेला हा जुना पाया पश्चिमेकडे त्या काळ्या थरांखालीं दडून गेला आहे, असें शास्त्र सांगतें. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें शास्त्र इतक्या खात्रीनें कसें सांगतें, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्याच भूमीनें त्या शास्त्रालाच उलट प्रश्न कसा केला, हा या भाषणाचा विषय आहे.

दख्खनच्या काळ्या डोंगरांना ‘दख्खन ट्रॅप’ हें नांव विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याच्या १८३३ च्या निबंधापासून रूढ झालें. ट्रॅप हा शब्द मूळचा स्वीडिश भाषेंतील; त्याचा अर्थ जिना. सह्याद्रीचा कडा किंवा कंधार-औशाकडील एखादी टेकडी दुरून पाहिली तर हें नांव किती चपखल आहे तें कळतें. परंतु नांव ठेवणें निराळें आणि उत्पत्ति सांगणें निराळें. त्या काळीं युरोपांत खडकांच्या उत्पत्तीविषयीं मोठा वाद माजलेला होता. एक पक्ष म्हणे, सर्व खडक आद्य समुद्राच्या पाण्यांतून सांक्यासारखे खालीं बसले. दुसरा म्हणे, कांहीं खडक अग्नीपासून झाले. आपल्या मुलुखांतील डोंगरांनीं या वादांत साक्ष दिली, आणि ती घेणारे लोक बहुतेक पलटणींतले डॉक्टर होते. त्यांतला पहिला हेन्री व्हॉयसी. कर्नल लॅम्टनच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर तो निजामाच्या मुलुखांत हिंडला. मोजणीवाले टेकडीच्या माथ्यावर साखळ्या आणि दुर्बिणी मांडीत, आणि हा गृहस्थ त्याच टेकडीच्या कुशींत हातोडा घेऊन दगड फोडीत बसे. १८२४ सालीं तो वारला; पण ट्रॅपचा खडक तप्त रसापासून झाला, हें मत त्यानें आग्रहानें मांडून ठेवलें होतें.

त्याच्या मागून मद्रासच्या फौजेंतील जॉन ग्रँट माल्कमसन हा डॉक्टर हैदराबादेहून नागपुराकडे गेला. वाटेंत निर्मळचे डोंगर लागतात. ते नांदेडपासून लांब नाहींत. तेथें ट्रॅपच्या दोन थरांच्या मधोमध त्याला दगड झालेले शिंपले आणि गोगलगायींचे शंख सांपडले. १८३७ सालीं त्यानें हा शोध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळापुढें ठेवला. शंख पाहणाऱ्या जाणत्यांनीं ओळखलें कीं, हे प्राणी खाऱ्या पाण्याचे नव्हेत, गोड्या पाण्याचे आहेत. एवढ्याशा शंखानें केवढा प्रश्न सोडविला पाहा! लाव्ह्याच्या एका लोंढ्यावर तळें सांचलें, त्यांत जीव वाढले आणि मेले, गाळ बसला, आणि मग त्यावर दुसरा लोंढा आला. तेव्हां हा सारा प्रकार समुद्राच्या तळाशीं नव्हे, उघड्या जमिनीवर घडला असला पाहिजे. आणि दोन लोंढ्यांच्या मध्यें तळीं भरण्याइतका, झाडें उगवण्याइतका निवांत काळ गेला असला पाहिजे. पुढें नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं टाकळीच्या परिसरांत अशाच थरांतून वनस्पति व प्राणी यांचे अवशेष गोळा केले, आणि १८६७ सालीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनीं या सर्व पुराव्याची सांगड घालून ट्रॅपचा इतिहास सविस्तर लिहिला.

ज्या श्रोत्यांनीं मराठवाड्यांत विहीर खणतांना पाहिली असेल त्यांस या तर्काची पद्धति नवी वाटूं नये. काळी माती सरली कीं मुरूम लागतो, मुरमाखालीं फुग्याफुग्यांचा ठिसूळ मांजऱ्या, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, आणि कधींकधीं त्याखालीं गेरूसारखा तांबडा पट्टा. त्याच्या खालीं पुन्हां मांजऱ्या. खणणारा वडार सांगतो कीं, तांबडा पट्टा लागला म्हणजे एक खडक संपला. शास्त्रज्ञ म्हणतो, एक लोंढा संपला. तांबडा पट्टा ही त्या लोंढ्याच्या माथ्यावर ऊन-पावसानें झालेली माती, आणि तीच पुढच्या लोंढ्याखालीं भाजून निघाली. दोघांचें निरीक्षण एकच आहे. शास्त्रज्ञ त्यांत काळाचा हिशेब घालतो, एवढाच फरक.

थरांचा इतिहास असा कळत गेला. भूमि हलते कां, या प्रश्नाचा शोध मात्र निराळ्या वाटेनें चालला, आणि पुढच्या चुकीचें बीज त्या वाटेवर पडलें. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ सालीं झाली. तिचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनीं हिंदुस्थानांतील भूकंपांची एक यादी तयार केली. १८६९ अखेरपर्यंतचे भूकंप तींत नोंदलेले असून त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं त्यांचे चिरंजीव रिचर्ड यांनीं ती प्रसिद्ध केली. याच रिचर्ड ओल्डहॅमनीं १८९७ च्या आसामच्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास करून दाखविलें कीं, भूकंपाच्या लहरी तीन प्रकारच्या असतात, आणि त्या निरनिराळ्या वेगानें प्रवास करतात. १८९८ सालीं कलकत्त्यास अलिपूर येथें भूकंपलेखक यंत्र बसलें. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंतहि लौकरच असें यंत्र आलें.

ओल्डहॅमची यादी म्हणजे मोठ्या कष्टाचें काम खरें. पण ती कशावरून केली हें विसरतां कामा नये. छावण्यांतील अधिकाऱ्यांचीं पत्रें, वर्तमानपत्रें, प्रवाशांचे वृत्तांत, हीं तिचीं साधनें. जेथें छावणी नाहीं, छापखाना नाहीं, तेथील भूकंप नोंदणार कोण? तेरणेकांठच्या एखाद्या गांवाच्या भिंती पडल्या तर गांवकरी त्या पुन्हां उभारीत आणि ती गोष्ट दोन पिढ्यांनीं विसरून जात. अशा मुलुखाचें पान यादींत कोरें राहिलें, आणि कोऱ्या पानाचा अर्थ पुढें ‘येथें भूकंप होत नाहींत’ असा लावला गेला. त्याला एका सिद्धान्ताचाहि टेकू होता. हिमालय हा कोवळा, अजून वाढणारा पर्वत. दक्षिणेचें पठार हें पृथ्वीच्या कवचाचें अति पुरातन, थंड आणि घट्ट झालेलें अंग. तेव्हां हलायचें तें हिमालयानें. दख्खननें स्थिर राहावें! या विश्वासाला पहिला तडा ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनेस गेला. त्यानंतर १९७० सालीं भूकंपाच्या धोक्याचा नकाशा सुधारून कोयनेचा भाग वरच्या श्रेणींत घालण्यांत आला. पण कोयनेला धरण होतें, १९६२ पासून त्यांत पाणी सांठत होतें. म्हणून तें प्रकरण अपवादांत जमा झालें. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे जिल्हे सगळ्यांत निर्धास्त अशा पहिल्या श्रेणींतच राहिले.

१९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या आसपास जमिनींतून गडगडाट ऐकूं येऊं लागला आणि लहान धक्के बसूं लागले. १८ ऑक्टोबर १९९२ रोजीं एक धक्का चांगलाच जोराचा होता. घरांच्या भिंतींना भेगा गेल्या, लोक भयभीत झाले, कित्येक रात्री त्यांनीं अंगणांत काढल्या. पुढें धक्के विरळ झाले. लोक पुन्हां घरांत निजूं लागले. त्या वेळीं उपलब्ध असलेल्या ज्ञानानें त्यांना काय सांगितलें असतें? जेथें नोंद नाहीं, जेथें सिद्धान्त स्थिरतेची ग्वाही देतो, तेथें लहान धक्के मोठ्याची वर्दी देत आहेत असें छातीठोकपणें म्हणणारा शास्त्रज्ञ विरळाच. शिवाय लहान धक्क्यांचे थवे पुष्कळ ठिकाणीं येतात आणि कांहीं न होतां विरूनहि जातात. हें सर्व खरें असलें तरी त्या वर्षाचा विचार मनाला टोंचल्याशिवाय राहत नाहीं.

२९ सप्टेंबर १९९३ रोजीं गणपति विसर्जन झालें. रात्रीं उशिरां लोक थकून झोंपलें. पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनीं जमीन हादरली. भूकंपाची महत्ता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या मानानें हा कांहीं अति प्रचंड भूकंप नव्हे. तरी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील कित्येक गांवें क्षणार्धांत ढिगारा झालीं, आणि मेलेल्यांचा आंकडा निरनिराळ्या गणनांत साडेसात ते दहा हजारांच्या दरम्यान धरलेला आहे.

इतकी माणसें कां मेलीं, याचें उत्तर अर्धें भूगर्भांत होतें आणि अर्धें घरांत. धक्क्याचा उगम दहा किलोमीटरांहून कमी खोलीवर होता. म्हणजे हादरा पृष्ठभागावर येतांना फारसा क्षीण झाला नाहीं. आणि वर काय होतें? गोलसर काळ्या दगडांच्या, चिखलांत रचलेल्या, दोन-अडीच हात जाडीच्या भिंती. त्यांवर माळवद, आणि माळवदावर दरसाल पसरून पसरून जाड झालेला पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यांत असें घर गार राहतें, चोराला फोडतां येत नाहीं, आणि दगड तर शिवारांत फुकट मिळतो. म्हणजे ज्या बेसॉल्टनें ही काळी जमीन दिली त्याच बेसॉल्टचे धोंडे निजलेल्या माणसांवर आले. पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली: जेथें छताचा भार लांकडी खांबांनीं आणि तुळयांनीं नीट तोललेला होता तेथें भिंती ढासळूनहि पुष्कळदां सांगाडा उभा राहिला.

शास्त्रज्ञांची पहिली साक्षीदार म्हणजे दूरचीं यंत्रें. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचें यंत्र किल्लारीपासून सुमारें २२० किलोमीटरांवर आहे. खडकांतून पहिली लहर सेकंदाला सुमारें सहा किलोमीटर धांवते, दुसरी सुमारें साडेतीन. वीज चमकणें आणि गडगडाट ऐकूं येणें यांतील अंतरावरून ढग किती दूर तें जसें काढतां येतें, तसेंच येथें. दोन लहरींमध्यें पंचवीस-सव्वीस सेकंदांचें अंतर पडलें तर उगम सव्वादोनशें किलोमीटरांच्या आसपास. अशीं तीन ठिकाणांहून अंतरें मिळालीं कीं उगमाची जागा ठरते. पहिला धक्का कोठें वर उचलणारा होता आणि कोठें खालीं ओढणारा, हें जगभरच्या यंत्रांवरून जुळवून पाहिलें म्हणजे खडक कोणत्या दिशेनें सरकला हेंहि कळतें. किल्लारीस उत्तर मिळालें तें असें: दोन बाजूंनीं दाबला गेल्यामुळें खडक एका उतरत्या फटींवरून वर चढला होता. मग वाहून नेतां येण्याजोगीं यंत्रें घेऊन संशोधक त्या गांवांत पोहोंचले; त्यांत जर्मनीचे तज्ज्ञहि होते. मागाहून येणाऱ्या बारीक धक्क्यांची नोंद घेऊन त्यांनीं भूमीखालीं ती फट कोठून कोठें गेली आहे तें आंखून काढलें.

यंत्रांच्या बरोबरीनें पायांनींहि काम केलें. किल्लारीजवळच्या शेतांतून जमीन फाटून वर आल्याची एक ओळ दिसत होती. कांहीं जागीं उंचवटा सुमारें ८० सेंटीमीटरांचा होता. खंडांच्या अशा पुरातन, स्थिर समजल्या गेलेल्या भागांत भूकंपाची फट पृष्ठभागापर्यंत येणें ही जगांत क्वचित् घडणारी गोष्ट होय. ऑस्ट्रेलियांत टेनंट क्रीक येथें १९८८ सालीं आणि कॅनडांत उंगावा येथें १९८९ सालीं असेंच झालें होतें. तेव्हां किल्लारीचीं शेतें एकाएकीं साऱ्या जगाच्या भूगर्भशास्त्राचें पुस्तक बनलीं. ज्यांचीं तीं होतीं त्यांना मात्र त्यांत पिकें घ्यायचीं होतीं. नांगर फिरला आणि दोन-चार पावसाळे गेले कीं ती ओळ पुसली जाणार होती. म्हणून घाई करणें भाग होतें.

त्या ओळीवर आडवे चर खणण्यांत आले. चराची भिंत ही भूगर्भशास्त्रज्ञाची बखर होय. मातीचे आणि खडकाचे थर सरळ आले आहेत कीं तुटून वर-खालीं झाले आहेत, तुटलेल्या ठिकाणीं दगडाचा भुगा ताजा आहे कीं जुना, हें तो नखानें कोरून कोरून पाहतो. तिरुअनंतपुरमच्या भूविज्ञान अध्ययन केंद्रांतील सी. पी. राजेंद्रन् आणि कुसला राजेंद्रन् यांनीं असें मत मांडलें कीं, ही फट नवी नाहीं. पुरातन खडकांतील जुनीच फट पुन्हां जागी झाली. अमेरिकेच्या लिओनार्डो सीबर यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मात्र आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच प्रश्न केला: बेसॉल्टच्या थरांत ही नवीनच फट तर नव्हे? हा वाद वरवर पाहतां पंडिती वाटतो, पण त्यावर फार मोठी गोष्ट अवलंबून होती. फट जुनी असेल तर ती शोधतां येते, तिचा मागील इतिहास काढतां येतो आणि तशा इतर फटींचाहि माग काढतां येतो. नवी असेल तर दख्खनमध्यें कोणत्या गांवाखालीं उद्यां कोणती फट पडेल याचा कांहींच अंदाज करतां येणार नाहीं. पुढें हैदराबादच्या संस्थेनें फटीच्या दोन्ही बाजूंस कमी खोलीचीं छिद्रें पाडून थर जुळवून पाहिले, तेव्हां ते कांहीं मीटरांनीं सरकलेले आढळले. एका १९९३ च्या धक्क्यानें जितका उंचवटा आला त्याहून हा सरक अधिक आहे. अर्थात् पूर्वींहि ही फट हलली असली पाहिजे.

जुन्या भूकंपाचा शोध तेरणेच्याच कांठीं, तेर येथपर्यंत गेला. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापारी ग्रंथांत ज्याच्या मालाचा उल्लेख आहे तेंच नगर. तेथील जुन्या गाळाच्या आणि वस्तीच्या थरांत विस्कटल्याच्या खुणा पाहून राजेंद्रन् दांपत्यानें असें अनुमान काढलें कीं, सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं या मुलुखांत एक मोठा भूकंप झाला असावा. ओल्डहॅमच्या यादींत जें पान कोरें होतें त्यावर भूमीनें स्वतःच लिहून ठेवलेलें होतें. तें कोणी उघडून पाहिलें नव्हतें, इतकेंच.

सर्वांत खोल प्रश्न विचारला तो वेधछिद्रानें. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें. पोकळ नळीच्या तोंडाशीं हिरे बसविलेले असतात. नळी फिरत खालीं जाते आणि तिच्या पोटांत खडकाचा अखंड दांडा शिरत राहतो. तो दांडा बाहेर काढून तुकड्या-तुकड्यांनीं, खोलीचा आंकडा घालून, पेटींत क्रमानें मांडतात. आपल्याकडे बोअर घेणारा मालक पाणी लागलें कीं काम थांबवितो, आणि बाहेर पडलेला भुगा उधळून जातो. येथें भुग्याऐवजीं दांडा हवा होता, आणि पाण्यासाठीं थांबावयाचें नव्हतें. पहिले ३३८ मीटर ट्रॅपचे थर लागले. त्यानंतर आठ मीटर जाडीचा निराळाच गाळाचा थर आला. लाव्हा येण्यापूर्वीं या मुलुखाचा जो पृष्ठभाग होता, ज्यावरून पाणी वाहत होतें, तो हा. सहा कोटी साठ लाख वर्षें झांकून राहिलेली ती भूमि त्या पेटींत येऊन पडली. आणि तिच्या खालीं छिद्राच्या तळापर्यंत २७१ मीटर पुरातन स्फटिकमय खडक लागला. देगलूरकडे उघड्यावर दिसतो त्याच आद्य पायाचा हा भाग.

पुढें २०१७ सालीं कोयनेच्या परिसरांत गोठणें येथें तीन किलोमीटर खोल वेधछिद्र पाडण्यांत आलें. तेथें ट्रॅपची जाडी सुमारें सव्वा किलोमीटर भरली. कोयनेस सव्वा किलोमीटर, किल्लारीस ३३८ मीटर, देगलूरास शून्य. लाव्ह्याची ही चादर पश्चिमेस जाड आणि पूर्वेस विरत गेलेली आहे, हें ज्यांनीं केवळ डोंगर चढून-उतरून ओळखलें त्या जुन्या पायपीट करणाऱ्यांना या आंकड्यांनीं समाधान वाटलें असतें. परंतु किल्लारीच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, भूकंपाची नाभि या चादरींत नव्हती. ती तिच्या पुष्कळ खालीं, जुन्या पायांत होती. चादरीवरून पाया ओळखतां येत नाहीं. आणि मराठवाड्याची बहुतेक भूमि चादरीखालीं आहे.

लोकांच्या मनांत दोन शंका होत्या, आणि त्यांचीं उत्तरें मिळणें अगत्याचें होतें. पहिली अशी: खडक ज्वालामुखीचा, जमिनींतून आवाज येतात, तर ज्वालामुखी पुन्हां जागा होत आहे काय? याला वेधछिद्रानें उत्तर दिलें. छिद्रांत निरनिराळ्या खोलीवर उष्णता मोजली. भूमींतून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला चाळिशीच्या घरांतील मिलिवॅट, म्हणजे पुरातन पठारावर असावी इतपतच, मंद भरली. खालीं कोठें तप्त रस सांठला असता तर हा आंकडा असा राहिला नसता. लाव्ह्याचा तो अग्नि कधींच विझला आहे.

दुसरी शंका धरणाविषयीं. जवळच माकणीस निम्न तेरणा धरण आहे. कोयनेच्या उदाहरणामुळें लोकांचें बोट तिकडे जाणें स्वाभाविक होतें. कोयनेस जलाशयाची पातळी आणि धक्क्यांचें प्रमाण यांचा संबंध वर्षानुवर्षांच्या नोंदींनीं दाखविला गेला आहे. माकणीचें पाणी त्या मानानें उथळ, आणि तसा दीर्घ नोंदींचा पुरावा तेथें नाहीं. तरीहि पाण्याचा कांहींच हात नव्हता असें सर्व तज्ज्ञ म्हणत नाहींत. भूमीच्या नैसर्गिक विद्युत्-चुंबकीय लहरी मोजणाऱ्यांना नाभीच्या आसपासच्या खोलींत वीज अधिक वाहून नेणारा पट्टा आढळला; खडकाच्या भेगांत द्रव भरलेला असावा, असें त्याचें स्पष्टीकरण देतात. तो द्रव धरणाचाच, असें मात्र त्यावरून सिद्ध होत नाहीं. हा प्रश्न अनिर्णित आहे, आणि तो अनिर्णित आहे असें स्पष्ट सांगणें हेंच प्रामाणिकपणाचें.

मग दाब आला कोठून? हिंदुस्थानची सबंध भूमि दरसाल कांहीं सेंटीमीटर उत्तरेकडे सरकत आहे, आणि आशिया तिला अडवीत आहे. त्या टकरींतून हिमालय उचलला जातो, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक आहे. पण त्या रेट्याची कळ दक्षिणेपर्यंत पोंचते. गाडा चढणीवर अडला कीं ओझें जुवावर येतें, तरी कुरकुर मागच्या सैल खिळ्याची ऐकूं येते, तसेंच हें. किल्लारीची फट वायव्य-आग्नेय दिशेची, म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या दाबास साधारण आडवी. ती त्या दाबानें वर चढली. जेथें जेथें पायांत अशी जुनी, दुर्बळ फट आहे तेथें तेथें ही शक्यता आहे. २२ मे १९९७ रोजीं जबलपूरनें त्याची पुन्हां आठवण दिली.

२००२ सालीं भूकंपाच्या धोक्याचा नकाशा बदलला. पहिली, निर्धास्त श्रेणी काढूनच टाकली, आणि किल्लारीचा मुलूख तिसऱ्या श्रेणींत आला. ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. माळवदें गेलीं, सिमेंटचीं बैठीं घरें आलीं. त्यांत उन्हाळ्यांत फार उकडतें, अशी म्हाताऱ्यांची तक्रार असे; ती खोटी नव्हती.

पुन्हां केव्हां होईल, या प्रश्नाला मात्र त्या ६१७ मीटरांच्या पेटींत उत्तर नव्हतें. तेरच्या अनुमानावर भरंवसा ठेवला तर त्या मुलुखांतील दोन मोठ्या भूकंपांत दीड हजार वर्षांचें अंतर पडलें. पण दोनच टिंबांवरून ओघ ठरत नाहीं, आणि एका फटीचें वेळापत्रक दुसरीला लागू पडत नाहीं.

२००६ व २००७ सालीं नांदेड शहरांत जमिनींतून गडगडाट होऊन बारीक धक्के बसूं लागले, तेव्हां किल्लारीची आठवण असलेले लोक घराबाहेर धांवले. या वेळीं मात्र यंत्रें शहरांत येऊन बसलीं. धक्के लहान होते आणि अगदीं उथळ खोलीवरून येत होते, असें नोंदींनीं दाखविलें. आवाजाचा उलगडाहि त्यांतच आहे. उगम जवळ आणि उथळ असला म्हणजे पहिल्या लहरीचा बारीक, जलद कंप जमिनींतून हवेंत उतरतो आणि तोफेसारखा ऐकूं येतो. पायाखालची हालचाल कळण्याइतकी नसली तरी कान तो टिपतो. पुढें सप्टेंबर २०२२ मध्यें लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यांत हासोरी येथें असेच आवाज झाले, आणि २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत ४.५ आणि पाठोपाठ ३.६ महत्तेचे धक्के बसून नांदेडपर्यंत जाणवले. त्याच वर्षीं १० जुलैस तेथेंच पुन्हां ४.५ चा. त्यांचीं स्थानें आणि महत्ता यंत्रांवरून तत्काळ जाहीर झाल्या. १९९२ च्या पावसाळ्यांत किल्लारीकरांनीं जे आवाज ऐकले ते ऐकावयास मात्र त्यांच्या स्वतःच्या कानांखेरीज जवळपास फारसें कांहीं नव्हतें.